पिंजऱ्यामागची माणसे

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलो की संध्याकाळी बागेत जाणे ठरलेले असे. बागेच्या एका कडेला चार-पाच पिंजरे होते. त्यांत काही माकडे, दोन हरणे, एक मोर आणि एक अस्वल. ते अस्वल गजांपाशी येई, तीन पावले डावीकडे जाई, मान झटकून वळे आणि तीन पावले उजवीकडे येई. आम्ही मुले त्याला 'नाचणारे अस्वल' म्हणत असू आणि शेंगा टाकत असू. वर्षानुवर्षे कोंडलेल्या जनावराला जडणारी ती व्याधी आहे, हे मला फार पुढे वाचनातून कळले आणि त्या शेंगांची लाज वाटली.

पिंजरे झाडणारे एक म्हातारे गृहस्थ होते. मामा त्यांना तात्या म्हणत. एकदा मामाने सहज विचारले, "काय तात्या, नवे साहेब आले म्हणे?" तात्या खराटा टेकून म्हणाले, "आले की! पाटी नवी रंगवली. अस्वल जुनंच हाय."

प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत, हा आपल्या वादविवाद स्पर्धांचा नेहमीचा विषय. एक बाजू म्हणते, मुक्या जिवांना कोंडणे हे पाप आहे. दुसरी बाजू म्हणते, त्यांच्यामुळे मुलांना ज्ञान मिळते. टाळ्या दोघांनाही पडतात. मात्र दोन्ही बाजू बोलतात ती पिंजऱ्याविषयी आणि प्राण्यांविषयी. पिंजऱ्यामागे बसून निर्णय घेणारी माणसे कोण, ती कशासाठी तिथे आहेत आणि किती वर्षे टिकणार आहेत, हे कोणीच विचारत नाही. माझ्या मते तात्यांनी त्या दिवशी नेमका हाच प्रश्न विचारला होता. त्याचे एक चांगले उत्तर मला सापडले, ते एका दूरच्या बेटावर. म्हणून हा लेखनप्रपंच.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात जर्सी नावाचे छोटे बेट आहे. तेथे 26 मार्च 1959 रोजी जेराल्ड ड्युरेल यांनी एका जुन्या वाड्याच्या आवारात आपले प्राणिसंग्रहालय उघडले. ड्युरेल यांचा जन्म आपल्याच देशातला, 1925 साली जमशेदपूरचा. तरुणपणी त्यांनी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून इतर संग्रहालयांसाठी प्राणी पकडून आणण्याचा उद्योग केला. तो करतानाच त्यांना दिसले, की संग्रहालये प्राणी मागवतात, दाखवतात, आणि मेला की दुसरा मागवतात. रानात तो प्राणी उरला आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. तेव्हा जे प्राणी नामशेष होऊ घातले आहेत त्यांची वीण वाढवायची आणि जमेल तेव्हा त्यांना त्यांच्या रानात परत सोडायचे, एवढ्यासाठीच संग्रहालय काढावे असे त्यांच्या मनाने घेतले. सतराव्या शतकात मॉरिशसमधून कायमचा नाहीसा झालेला डोडो पक्षी हे त्यांनी आपल्या संस्थेचे बोधचिन्ह केले. दारावरच आपल्या जातीच्या अपराधाची खूण लावणारी संस्था विरळाच!

येथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते, कारण ड्युरेल हे लोकप्रिय लेखक होते. पण ती एवढीच सांगितली की एका थोर पुरुषाचे चरित्र होते, आणि तेथेच आपली फसगत होते. ते संग्रहालय एका माणसाने चालवलेच नाही.

ड्युरेल यांनी लिहायला बसावे म्हणून त्यांच्या मागे लागली ती त्यांची पहिली पत्नी जॅकी. पुस्तकांच्या उत्पन्नावरच पुढचा सारा डोलारा उभा राहिला. संग्रहालय उघडले त्याच वर्षी जेरेमी मॅलिन्सन नावाचा एक तरुण तेथे कामाला लागला. आला तो तात्पुरत्या नोकरीवर आणि निवृत्त झाला 2001 मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी! ड्युरेल पुस्तके लिहीत, चित्रपट काढीत, धनिकांची दारे ठोठावीत. त्या काळात मॅलिन्सन गोरिलांची वीण, पिंजऱ्यांची दुरुस्ती, नोकरांचे पगार आणि इतर देशांतील संग्रहालयांशी पत्रव्यवहार सांभाळीत राहिले. त्यांचे नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण अशी माणसे नसती, तर ड्युरेल हे केवळ चांगले लेखक म्हणून उरले असते.

मला सर्वांत मोठी वाटते ती 1963 सालची गोष्ट. संग्रहालय आर्थिक अडचणीत होते. अशा वेळी मालक एक तर खर्च कमी करतो, किंवा गर्दी खेचणारे प्राणी आणतो. ड्युरेल यांनी आपले संग्रहालय एका विश्वस्त संस्थेच्या स्वाधीन केले. ज्याचे स्वप्न होते त्याने ते जिवंतपणीच, ऐन उमेदीत, कागदोपत्री दुसऱ्यांच्या हाती दिले आणि स्वतः वेतन न घेता काम करीत राहिला. आपल्याकडे संस्थापकांचे पुतळे उभारले जातात, तैलचित्रांना हार घातले जातात. पण खुर्ची सोडण्याचा मुहूर्त मात्र बहुधा यमराजांनाच काढावा लागतो. 1995 च्या जानेवारीत ड्युरेल वारले. संस्था बंद पडली नाही. त्यांची दुसरी पत्नी ली, जी स्वतः मादागास्करमधील प्राण्यांची अभ्यासक होती, मॅलिन्सन आणि इतर सहकाऱ्यांनी ती पुढे नेली.

या मंडळींनी केलेल्या कामाचा एक दाखला पुरे. मॉरिशस बेटावर केस्ट्रेल नावाचा ससाण्याच्या कुळातला एक लहान शिकारी पक्षी आहे. 1974 साली रानात त्याचे माहीत असलेले चार पक्षी उरले होते. फक्त चार. 1979 मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण तेथे गेला. ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला पाठवले तिची अपेक्षा होती, की त्याने हे निष्फळ काम आवरते घ्यावे. जोन्सने ते आवरले नाही. पहिली अंडी काढून घेतली की मादी पुन्हा अंडी घालते, हे त्याला माहीत होते. काढलेली अंडी त्याने यंत्रात उबवली, पिले हाताने वाढवली आणि रानात सोडली. पुढे जर्सीच्या संस्थेने त्याला आधार दिला आणि आपले मानले. काही दशकांत केस्ट्रेल शेकड्यांनी मोजता येऊ लागले. तेथल्याच गुलाबी कबुतरांची रानातली संख्या 1990 च्या सुमारास दहाच्या आसपास आली होती. तीही आता काहीशेंच्या घरात आहे. जोन्स एका बेटावर, एका कामाला चिकटून राहिले. 2016 मध्ये त्यांना वन्यजीवरक्षणाचा मोठा समजला जाणारा इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला. आरंभापासून मोजले तर सदतीस वर्षांनी.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. माझ्या एका मैत्रिणीने हा लेख कच्चा असताना वाचला आणि विचारले, "गोऱ्या माणसांनी आधी बेटांची वाट लावायची आणि मग तारणहार म्हणून जायचे, याचे कौतुक आपण का करायचे?" प्रश्न बोचरा आहे आणि खरा आहे. डोडो काही मॉरिशसच्या आजच्या प्रजेने संपवला नव्हता. पण जर्सीच्या मंडळींना हा प्रश्न आधीच पडलेला असावा, असे त्यांच्या कृतीवरून वाटते. त्यांनी संग्रहालयाशेजारीच एक शाळा काढली. ज्या देशांतले प्राणी धोक्यात आहेत त्या देशांतल्या तरुणांना बोलावून तेथे पशुपक्ष्यांच्या संगोपनाचे शिक्षण द्यायचे आणि परत पाठवायचे. 1977 मध्ये आलेला पहिला विद्यार्थी मॉरिशसचाच होता, युसुफ मुंगरू. पुढे त्याच्या देशात पहिले राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा त्याची धुरा त्याच्याकडेच आली. आजवर शंभराहून अधिक देशांतील माणसे त्या शाळेतून शिकून गेली आहेत. आपल्यावाचून अडू नये अशी व्यवस्था आपणच करणे, हे मला तारणहाराचे लक्षण वाटत नाही. ते चांगल्या शिक्षकाचे लक्षण आहे.

आपल्या देशातही याचे उदाहरण आहे. आसामातल्या उंच गवतात पिग्मी हॉग नावाचे जगातले सर्वांत लहान रानडुक्कर राहते. उंची जेमतेम वीतभर, फार तर थोडी अधिक. 1996 मध्ये मानसच्या जंगलातून सहा डुकरे पकडून गुवाहाटीजवळ त्यांची वीण सुरू झाली. ड्युरेल यांची संस्था, आसामचे वनखाते आणि इतर काही संस्था यांचे हे संयुक्त काम. त्याची सूत्रे दीर्घकाळ गौतम नारायण या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. 2008 पासून डुकरे रानात सोडली जाऊ लागली आणि त्यांची संख्या आता शंभराच्या वर गेली आहे. ही डुकरे जर्सीला नेली नाहीत, तिकीट लावून दाखवली नाहीत. डुकराला पाहायला गर्दी होत नाही, हे त्या मंडळींना ठाऊक होते. तरीही त्यांनी डुकरासाठी पैसा उभा केला. संग्रहालयाच्या चालकांची परीक्षा घ्यायची तर ती येथे घ्यावी. वाघ-सिंहासाठी कोणीही धावेल, पण डुकरासाठी कोण वीस-पंचवीस वर्षे देतो?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पिंजऱ्यात वीण वाढली तरी रान कोठे आहे? 1994 मध्ये केस्ट्रेलचा धोका कमी झाल्याचे जाहीर झाले होते, पण 2014 मध्ये त्याला पुन्हा अधिक धोक्याच्या यादीत टाकावे लागले. म्हणजे काम संपत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्यातून मी काढतो तो निष्कर्ष उलटा आहे. काम संपत नाही, म्हणूनच ते करणारी माणसे दर तीन वर्षांनी बदलून चालत नाही. आपल्याकडे 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले, नियम झाले, पिंजऱ्यांची मापे ठरली. हे चांगलेच झाले. पण नियम मापाचा असतो, जिव्हाळ्याचा नसतो. आज बागखाते, उद्या पाणीपुरवठा, परवा जन्ममृत्यू नोंदणी, असा प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्याने मनात आणले तरी अस्वलाचा स्वभाव ओळखायला त्याला वेळ कोठून मिळणार? आणि ज्या तात्यांना तो स्वभाव ठाऊक आहे, त्यांना सभेत बसायला खुर्ची नसते.

माझी मागणी साधी आहे. गावोगावच्या प्राणिसंग्रहालयांना आपण तीन प्रश्न विचारावेत. येथून किती जीव रानात परत गेले, किंवा परत जाण्याच्या तयारीत आहेत? येथला प्रमुख किती वर्षे येथे आहे? आणि पिंजरा झाडणाऱ्या माणसाला शेवटचे कोणी, केव्हा काही शिकवले किंवा काही विचारले? तिन्ही उत्तरे शून्य असतील, तर ती बाग बंद करून प्राणी जाणत्यांच्या हवाली करावेत आणि तेथे झाडे लावावीत. याबाबतीत मी वादविवादाच्या पहिल्या बाजूचा आहे. उत्तरे बरी असतील, तर मात्र मी दुसऱ्या बाजूने बोलेन आणि तिकीटही आनंदाने काढेन.

वाचकमित्रांनो, हा विषय आपल्याला दूरचा वाटेल. पण आपल्याच महाविद्यालयातील मंडळे आठवा. एखादा उत्साही चिटणीस निसर्गमंडळ काढतो, वर्षभर गाजवतो, पदवी घेऊन जातो, आणि पुढच्या जूनमध्ये मंडळाची वहीसुद्धा सापडत नाही. त्याने शेजारी कोणाला बसवले नव्हते, कोणाला शिकवले नव्हते. आपण त्याला कर्तबगार म्हणतो. मला आता तसे म्हणवत नाही.

गेल्या वर्षी मामाच्या गावी गेलो होतो. बाग आहे, पिंजरे काढले आहेत, अस्वल कधी गेले ते कोणाला सांगता आले नाही. तात्याही राहिले नाहीत. त्या जागी आता सिमेंटचे एक अस्वल उभे आहे आणि मुले त्याच्या पाठीवर बसून छायाचित्रे काढून घेतात. शेजारी पाटी आहे. ती मात्र नव्याने रंगवलेली होती.