कायदा आणि तुम्ही : पोटगी किती, कशी आणि कुठवर?

"मला त्याचं काही नको, फक्त सुटका हवी." घटस्फोटाच्या उंबरठ्यावर उभी असलेली बाई हे वाक्य हमखास बोलते. त्यात स्वाभिमान असतो, तसा थकवाही असतो. माहेरची माणसेही म्हणतात, "जाऊ दे गं, मिटवून टाक एकदाचं." मग संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात एक ओळ येते : पत्नी आता किंवा पुढे कोणतीही पोटगी मागणार नाही. सही होते. बाई त्या वेळी जेमतेम पस्तिशीची असते. पुढची तीस-चाळीस वर्षे त्या एका ओळीसह काढायची आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसते.

म्हणून मैत्रिणींनो, आज कायमच्या पोटगीविषयी बोलू या. दावा चालू असेपर्यंत मिळते ती अंतरिम पोटगी. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये तिच्यासाठी कलम २४ आहे. घटस्फोट देताना किंवा त्यानंतरही कोर्ट ठरवून देते ती कायमची पोटगी. तिचे कलम २५. हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. नोंदणी पद्धतीच्या लग्नासाठी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात अशीच तरतूद आहे. याशिवाय मॅजिस्ट्रेटकडे पोटगी मागण्याचा मार्ग सर्व धर्मांच्या स्त्रियांना खुला आहे. पूर्वी त्याला 'एकशे पंचवीसची केस' म्हणत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे.

आता मुख्य प्रश्न. रक्कम ठरते कशी? "नवऱ्याच्या पगाराचा चौथा हिस्सा मिळतोच," असे पुष्कळजणी सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका प्रकरणात निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम योग्य मानली होती, हे खरे. पण तो काही कायद्यातला तक्ता नव्हे. कलम २५ कोर्टाला एवढेच सांगते : नवऱ्याचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहा, बायकोचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहा, दोघांची वर्तणूक पाहा आणि बाकीची परिस्थिती पाहा. लग्न किती वर्षे टिकले, बाईचे वय आणि प्रकृती कशी, संसारासाठी तिने नोकरी सोडली का, मुले कुणाकडे आहेत, लग्नात राहणीमान कसे होते, हे सारे त्या 'परिस्थिती'त येते.

आपल्या तीन गावांतली तीन उदाहरणे घेऊ.

समजा, अंबरनाथच्या आयुध कारखान्यात नवऱ्याची पक्की नोकरी आहे. इथे पगारपत्रक बोलते. प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी अशा सक्तीच्या वजावटी कोर्ट धरते. पण दावा लागल्यावर पतपेढीचे कर्ज काढायचे आणि "हातात काहीच उरत नाही हो," म्हणायचे, ही युक्ती सहसा चालत नाही.

समजा, उल्हासनगरच्या कॅम्पात दुकान आहे, नाहीतर जीन्स शिवण्याचा कारखाना आहे. व्यवहार बराचसा रोखीचा. आयकर विवरणात उत्पन्न दिसते मूठभर, आणि घरात गाडी, मुलांना महागडी शाळा! अशा वेळी कोर्ट राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधू शकते. पण अंदाजाला आधार लागतो. शाळेच्या फीच्या पावत्या, विम्याचे हप्ते, विजेची बिले, जागेचा भाडेकरार, जीएसटीची नोंदणी, हे कागद हाताशी असले तर तुमच्या बोलण्याला वजन येते.

समजा, बदलापूरला कर्जावर घेतलेला फ्लॅट आहे. दोघेही पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठतात. त्याचा पगार साठ हजार, तिचा वीस. "तू कमावतेस, तुला कसली पोटगी?" असे तिला ऐकवले जाते. पण बाई कमावते एवढ्यानेच तिचा हक्क जात नाही. तिच्या पगारात वेगळे घरभाडे भरून पूर्वीसारखे राहता येईल का, हे कोर्ट पाहते. 'कमावू शकते' आणि 'कमावते' यांतही फरक आहे. पदवी भिंतीवर टांगलेली असली म्हणून पगार सुरू होत नाही!

आणि हो, हा रस्ता दुतर्फा आहे. कलम २५ प्रमाणे नवराही पोटगी मागू शकतो. नांदेडच्या एका शिक्षिकेला घटस्फोटानंतर नवऱ्याला दरमहा तीन हजार रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली तो कायम ठेवला.

उत्पन्नाची ही लपवाछपवी थांबावी म्हणून एक महत्त्वाचा निकाल झाला, तोही आपल्या महाराष्ट्रातल्या दाव्यात. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने पत्नीला दरमहा पंधरा हजार आणि लहान मुलासाठी वेगळी रक्कम मंजूर केली होती. नवरा उच्च न्यायालयात गेला, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. वकील मंडळी हा दावा 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने ओळखतात. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालाने देशभरच्या कोर्टांना नियम घालून दिले. दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडायचे. पोटगी धरायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. म्हणजे निकालाला तीन वर्षे लागली तरी ती तीन वर्षे वाया जात नाहीत. दोन कायद्यांखाली अर्ज केले असतील तर एकात मिळालेली रक्कम दुसऱ्यात सांगायची. हे प्रतिज्ञापत्र तुम्हालाही भरायचे आहे, बरं का! शिकवण्या घेत असाल, डबे देत असाल, तर तसे लिहा. लपवलेले उघडकीस आले तर खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

आता एकरकमी की दरमहा? याचा हिशेब आपण वाणसामानाच्या वहीसारखा मांडू. समोरून पाच लाखांचा देकार आला. आकडा मोठा वाटतो ना? बँकेत सात टक्के व्याज मिळते असे धरले, तर वर्षाला पस्तीस हजार. महिन्याला तीन हजारही होत नाहीत! त्यात आज गॅस, दूध आणि वीज तरी भागेल का? आणि दहा वर्षांनी? मुद्दल मोडत गेलात तर ते किती वर्षे पुरेल, हे सही करण्याआधी कागदावर मांडा.

मात्र दरमहाच्या पोटगीतही खाचखळगे आहेत. नवरा नोकरी सोडतो, पैसे थकवतो, वसुलीसाठी पुन्हा कोर्टाच्या खेपा. पुनर्विवाह केला तर कोर्ट ती बंद करू शकते. उलट, परिस्थिती बदलली तर ती वाढवूनही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका प्रकरणात दरमहा पन्नास हजार रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा आदेश दिला. अशी वाढ आपल्या अटींतही लिहून घेता येते. शिवाय नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा चढवण्याचा अधिकार कलम २५ ने कोर्टाला दिला आहे. बदलापूरचा फ्लॅट त्याच्या नावावर असेल तर हे विसरू नका.

तेव्हा संमतीच्या अटींवर सही करण्यापूर्वी एवढे पाहा :

एक. मुलांचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून घ्या. तो तुमच्या पोटगीत मिसळू देऊ नका.

दोन. तुमचे दागिने आणि स्त्रीधन तुमचेच आहे. ते परत करणे म्हणजे पोटगी देणे नव्हे.

तीन. एकरकमी पैसे 'नंतर देतो' या बोलीवर सोडू नका. शेवटच्या जबाबाच्या वेळी डिमांड ड्राफ्ट हातात असावा.

चार. दडपणाखाली पहिली सही झाली असेल तरी घाबरू नका. घटस्फोटाचा हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते.

पोटगीचा हक्क कायमचा सोडून दिल्याची अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले आहे. पण त्या आधारावर पुन्हा कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा ती ओळ मुळातच खोडलेली बरी, नाही का?

"वकिलाला द्यायला पैसे नाहीत," ही अडचण असेल तर लक्षात ठेवा : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिच्या उत्पन्नाची अट नाही. कल्याणच्या किंवा ठाण्याच्या कोर्टात विधी सेवेचे कार्यालय विचारा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा.

पोटगी ही भीक नव्हे आणि सूडही नव्हे. इतकी वर्षे स्वयंपाक, धुणीभांडी, आजारपणे, मुलांचे अभ्यास ज्या हातांनी सांभाळले, त्या हातांच्या कामाचा तो हिशेब आहे. घरखर्चात दहा रुपयांचा मेळ लागेना तर आपण रात्री जागून वही तपासतो. मग उरलेल्या आयुष्याचा हिशेब न तपासता सही का करायची?