नाफिसमध्ये सर्च मारण्याआधी: कागदावरचा ठसा नेमका उठतो कसा?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७६(३) आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचंच, असं ते सांगतं. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्याआधी २०२२ मध्ये नाफिस हा बोटांच्या ठशांचा देशव्यापी डेटाबेस आला. म्हणजे कायदा आला, सॉफ्टवेअरही आलं. पण सर्चमध्ये टाकायचा ठसा कुठून येणार?

समजा, धमकीची चिठ्ठी सापडली. त्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. घामातली अमिनो आम्लं मात्र कागदाच्या तंतूंना धरून बसलेली असतात. निनहायड्रिन लावलं की ती जांभळी होतात. ही रिअ‍ॅक्शन १९१० मधली, ठशांसाठी तिचा वापर सुचवला गेला १९५४ मध्ये. आजही रोजचं काम तीच करते.

लॅबमध्ये शिकायला आलेले इंटर्न सहसा स्वतःच्याच ठशांवर हात बसवतात, आणि पहिला धडा असतो क्रमाचा. आधी नुसता प्रकाश टाकून फोटो, मग इंडेनडायोन किंवा डीएफओ, त्यानंतर निनहायड्रिन, शेवटी चांदीचं द्रावण. क्रम उलटा केला तर पुरावा गेला, इथे अनडू नाही. कागद भिजलेला असेल तर अमिनो आम्लं वाहून गेलेली असतात. मग थेट चांदीच्या द्रावणाकडे वळायचं, कारण ते पाण्यात न विरघळणाऱ्या तेलकट अंशावर काम करतं. एटीएमची स्लिप तर आणखी वैतागाची. ती थर्मल कागदाची असते, नेहमीचं द्रावण लागलं की अख्खी काळी पडते. तिच्यासाठी वेगळं मिश्रण लागतं.

एवढं करून जे हाती येतं ते बऱ्याचदा अर्धवट, पुसट, एकावर एक चढलेलं. तुमचा फोन फक्त ‘हे सेव्ह केलेलंच बोट आहे का?’ एवढं बघतो. तेही पूर्ण टेकवलेलं बोट, आणि नाही जमलं तर तुम्ही परत टेकवता. डेटाबेस मात्र लाखो बोटांमधून जवळच्या नावांची यादी काढून देतो. ती यादी म्हणजे उत्तर नव्हे. माझ्या मते खरी काळजी इथेच आहे: डेटाबेस जितका मोठा, तितकी भलत्याच माणसाचा जवळपास तसाच ठसा निघण्याची शक्यता जास्त.

हे घडलेलं आहे. मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डेटोनेटरच्या पिशवीवरचा ठसा (ती पिशवी प्लास्टिकची होती, पण मुद्दा तोच) एफबीआयने आपल्या डेटाबेसमध्ये टाकला. यादीत ओरेगनचे वकील ब्रँडन मेफिल्ड आले, कारण लष्करात असताना त्यांचे ठसे घेतलेले होते. एफबीआयच्या तज्ज्ञांनी ‘हाच तो’ म्हटलं, कोर्टाने नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञानेही दुजोरा दिला. मेफिल्ड सुमारे दोन आठवडे कोठडीत होते. ठसा दुसऱ्याचा आहे, हे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिलं. २००६ मध्ये अमेरिकी सरकारने माफी मागून त्यांना २० लाख डॉलर दिले.