भांडवल येते, मालकी जाते

नवउद्योगांच्या डोक्यावर २०१२ पासून टांगलेली ‘एंजल टॅक्स’ची तलवार जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने दूर केली. समभाग ‘रास्त मूल्या’पेक्षा चढ्या भावाने विकले की वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न मानून तीवर कर, असा हा मामला होता. तो संपला हे बरेच झाले. मात्र संस्थापकापुढचा खरा पेच सरकारशी नसून गुंतवणूकदाराशी आहे. पैसा किती घ्यायचा, आणि कोणत्या अटींवर?

फ्लिपकार्टचे उदाहरण बोलके आहे. सचिन आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये बेंगळुरूत पुस्तकविक्रीपासून सुरुवात केली. पुढे गोदामे, वाहतूक आणि सवलतींसाठी भांडवल उभारणीच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, तेव्हा सचिन बन्सल यांच्याकडे जेमतेम साडेपाच टक्के उरले होते. तेही विकून ते बाहेर पडले. संपत्ती अमाप मिळाली. कंपनी मात्र राहिली नाही.

हिशेब साधा आहे. प्रत्येक फेरीत २० टक्के मालकी दिली, तर पाच फेऱ्यांनंतर संस्थापकांकडे मिळून ३३ टक्केच उरतात. कर्मचाऱ्यांना द्यावयाचे समभाग वेगळेच. त्याहून बोचणारी अट विक्रीच्या वेळच्या अग्रहक्काची. १०० कोटी गुंतवून २५ टक्के हिस्सा घेतलेला गुंतवणूकदार कंपनी १२० कोटींना विकली गेल्यास आधी आपले १०० कोटी उचलतो. उरलेल्या २० कोटींत बाकी सर्व. मूल्यांकनाच्या मथळ्यांत ही अट कधी दिसत नाही.

नितीन कामत यांच्या झिरोधाने २०१० पासून बाहेरचे भांडवल न घेताच मजल मारली. म्हणून स्वबळाचे गोडवे गाणेही बरोबर नाही. दलाली व्यवसायात शुल्क पहिल्या ग्राहकापासून मिळते. गोदामे बांधणाऱ्याला ती चैन परवडत नाही.

मग कर्ज काढावे काय? मालकी शाबूत राहते, असे वाटते खरे. बायजूजने नोव्हेंबर २०२१ मध्ये १.२ अब्ज डॉलरचे कर्ज उचलले आणि पुढे कर्जदात्यांशी न्यायालयीन लढाई जुंपली. जुलै २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, तीही क्रिकेट नियामक मंडळाच्या १५८ कोटींच्या थकबाकीपायी. कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यक्तीकडे गेला.

‘सेबी’ने २०१९ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना जादा मताधिकाराचे समभाग राखण्याची मुभा दिली. ती शेअर बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांपुरती आहे. तिथवर पोहोचेपर्यंत बहुतेकांच्या चार-पाच करारांवर सह्या होऊन गेलेल्या असतात.