आधी बटणं दाबा, मग कोड लिहा

जुन्या बटणांच्या मोबाइलवर 'आई' लिहायचं तर रोमन लिपीत ए, ए, आय अशी तीन अक्षरं लागत. २ चं बटण एकदा दाबायचं, क्षणभर थांबायचं, पुन्हा एकदा दाबायचं, मग ४ चं बटण तीनदा. मधे थांबायचं राहिलं की आईच्या जागी 'बीआय' उमटायचं, कारण २ वर ए, बी, सी ही तिन्ही अक्षरं बसलेली आणि सलग दोनदा दाबलं म्हणजे बी.

प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलेल्या सगळ्यांना, मग ती कॉलेजची मुलं असोत की निवृत्तीनंतर पायथन उघडून बसलेले काका-काकू, माझं सांगणं आहे: दाबलेले आकडे घेऊन अक्षरं परत देणारा हा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहा. एआयला विचारलंत तर उत्तर लगेच मिळेल. पहिल्या खेपेला तरी विचारू नका.

कोडला हात लावण्याआधी एक गोष्ट कागदावर ठरवा. फोनला घड्याळ होतं, त्यामुळे तुम्ही थांबलात हे त्याला कळायचं. लिहिलेल्या आकड्यांना वेळ नसते. म्हणून थांबण्यासाठी एखादी खूण हवी. मोकळी जागा वापरायचा मोह होईल, पण शब्दांमधली जागा ० च्या बटणावर असते आणि दोन्हींचा घोळ होतो. आडवी रेघ बरी. मग 'आई' होईल २-२४४४. बटण बदललं की अक्षर आपोआप संपतं, तिथे रेघ लागत नाही.

आता खाचखळगे. प्रत्येक बटणावर तीनच अक्षरं धरून चालू नका. ७ आणि ९ वर चार आहेत. तीनच धरलीत तर चौथ्यांदा दाबल्यावर गाडी फिरून पहिल्या अक्षरावर येते आणि 'सासू' लिहायला गेलात की 'पापू' छापलं जातं. (घरात ते कुणाला दाखवू नका.) दुसरा खड्डा याहून फसवा. आकडे संपले तरी शेवटचं अक्षर हातातच राहतं, कारण ते संपल्याचं सांगणारं पुढचं बटण येतच नाही. ते वेगळं छापावं लागतं, नाहीतर आईतली 'ई' गळते. फाइल वाचणाऱ्या, हिशेब मांडणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हीच चूक वारंवार होते, म्हणून ती इथेच भेटलेली बरी.

हे जमलं की उलटा प्रोग्रॅम लिहा, अक्षरांवरून आकडे देणारा. त्याचं उत्तर पहिल्या प्रोग्रॅमला द्या. मूळ शब्द जसाच्या तसा परत आला पाहिजे. 'मोना' हे नाव चाचणीला फार चांगलं: एम, ओ, एन तिन्ही ६ वरच, म्हणजे ६-६६६-६६२. रेघा विसरलात तर मोना सापडणार नाही.

त्यानंतर घरातल्या सगळ्यांची नावं घालून बघा. एखाद्या नावात एस किंवा झेड असेल, तर सुरुवात त्याच नावाने करा.