दांडा फिरवणारा भिकारी नव्हे, कामगार आहे!

“काम सगळे यंत्रच करते, माणूस काय, नुसता दांडा फिरवतो!” वेतनकराराच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे वाक्य या ना त्या रूपात ऐकलेले आहे. मागावरच्या विणकराला ते ऐकवले गेले, छापखान्यातल्या जुळाऱ्याला ऐकवले गेले, आज संगणकावर बसणाऱ्यालाही ऐकवले जाते. कौशल्य यंत्राच्या नावावर चढवायचे आणि माणसाची मजुरी उतरवायची, असा हा मालकी हिशेब आहे. युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर वाजवणारा ऑर्गनवाला हा या हिशेबाचा एक जुना बळी. त्याच्यावर जे गुदरले त्यापासून आपल्या चळवळीने शिकण्यासारखे बरेच आहे.

आपल्याकडे ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातला, पायाने भाता मारून बोटांनी वाजवायचा ऑर्गन डोळ्यांपुढे येतो. हा तो नव्हे. या ऑर्गनला बाजूला दांडा असतो. दांडा फिरवला की भात्यात वारा भरतो आणि त्याच वेळी खिळे ठोकलेला लाकडी रूळ फिरून नळ्यांची तोंडे उघडत-मिटत जातात. रुळावर मोजकीच गाणी मावत. 1892 साली पॅरिसच्या अन्सेल्मो गाव्हिओलीने रुळाऐवजी भोके पाडलेल्या, घडीच्या पुठ्ठ्यांचे पेटंट घेतले आणि हवी तितकी गाणी वाजवण्याची सोय झाली. सोलापूर-इचलकरंजीच्या विणकराला हे वेगळे समजावून सांगायला नको. जेकार्डच्या मागावर जी पत्री नक्षी विणते, तीच युक्ती येथे गाणे वाजवते.

आणि पत्री आपोआप तयार होत नाही, हेही विणकराला ठाऊक आहे. गाण्याचा पुठ्ठा कापणारा, म्हणजे संगीत-संयोजक, हा या धंद्यातला दुसरा कामगार. रस्त्यावरच्या पुष्कळ ऑर्गनांत सगळे स्वर नसतात. एखाद्याला जेमतेम वीस-सव्वीस स्वर असतात. चालीत लागणारा स्वर यंत्रातच नसेल तर चाल दुसऱ्या पट्टीत न्यावी लागते, वळवावी लागते, आणि ऐकणाऱ्याला मात्र काही कमी पडल्याचे कळता कामा नये. यंत्राला बोटांचा हळुवारपणा नाही. म्हणून तान, कंप, खालचा ठेका, मधली जोडचाल हे सारे भोकांच्या लांबीतून आणि जागेतून साधायचे. तीन मिनिटांच्या गाण्याला कित्येक मीटर पुठ्ठा लागतो, आणि त्यावरचे एकेक भोक आधी माणसाच्या डोक्यात पडलेले असते. जर्मनीत जन्मलेला कार्ल फ्राय 1920 साली हॉलंडमधील ब्रेडा येथे कारखाना काढून बसला. तो ऑर्गन बांधणारा होता तसाच संयोजकही होता. डच रस्त्यावरच्या ऑर्गनचा जो खास नाद लोक ओळखतात, तो घडवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. आज पुष्कळ संयोजन संगणकावर होते; पण कोणता स्वर ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे अजूनही माणूसच ठरवतो.

मग वाजवणारा नुसता दांडा फिरवतो का? हात मंदावला की चाल रेंगाळते आणि वारा तुटतो. हात घाईला आला की गाणे पळते. शिवाय गाडा ओढणे, पाऊस-दमटपणापासून पुठ्ठे आणि कातडी भाते जपणे, कोणत्या गल्लीत कोणते गाणे चालेल हे ओळखणे, ताटली वाजवत पैसे गोळा करणे, ही सगळी कामे त्याचीच. हे शिकायला शाळा नव्हती. ज्यांच्याकडे यंत्र होते त्यांच्या आवारात राबूनच धंदा शिकायचा.

पण यंत्र कोणाचे? येथेच खरी मेख आहे. ऑर्गन महाग, वाजवणाऱ्याकडे भांडवल नाही. बेल्जियमहून आलेल्या लिऑन वार्नीस या अंध गृहस्थाने 1875 साली अॅमस्टरडॅममध्ये ऑर्गन भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला, आणि पुढे ती तेथली रीतच पडली. कमाई होवो न होवो, भाडे ठरलेले. आपल्या शहरांतल्या भाड्याच्या रिक्षावाल्याची कहाणी याहून निराळी आहे काय?

आता कायद्याचा न्याय पाहा. लंडनमध्ये गणिती चार्ल्स बॅबेज याने ऑर्गनवाल्यांविरुद्ध मोहीमच उघडली. आपली एक चतुर्थांश कार्यशक्ती या आवाजाने नष्ट झाली, अशी त्याची तक्रार होती. 1864 साली कायदा झाला आणि घरमालकाला रस्त्यावरच्या वादकाला हाकलण्याचा अधिकार मिळाला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया हे स्वतः इटालियन वंशाचे, कामगारांचे कैवारी म्हणून गाजलेले. त्यांनी 1 जानेवारी 1936 पासून ऑर्गनवाल्यांचे परवाने बंद केले. कारणे तीन: वाहतुकीला अडथळा, ही भीकच आहे, आणि यंत्रे भाड्याने देण्याच्या धंद्यात गुंडटोळ्या शिरल्या आहेत. 1970 च्या दशकात बंदी उठली, तोवर धंदाच उठून गेला होता.

या तक्रारी सगळ्या खोट्या होत्या, असे आम्ही म्हणत नाही. आजाऱ्याच्या दाराशी गोंगाट नको, हे रास्तच आहे. इटलीतून मुले आणून त्यांना परदेशात वाजवायला लावणारे ठेकेदार होते. ते इतके माजले की 1873 साली इटलीला मुलांना फिरत्या धंद्यात लावण्याविरुद्ध कायदा करावा लागला. पण सवाल असा आहे की, भाड्याच्या धंद्यात गुंड शिरले तर शिक्षा गुंडाला की भाडेकरूला? ठेकेदार पिळतो म्हणून पिळला जाणाराच रस्त्यावरून हुसकायचा, हा कोणता न्याय? यंत्रे सहकारी मालकीची करावीत, वेळ आणि जागा ठरवून द्यावी, हा मार्ग न्यूयॉर्कच्या सत्ताधाऱ्यांनी घेतला नाही. उलट मेक्सिको सिटीत पाहा. तेथे खाकी गणवेशातले ऑर्गनवाले आजही चौकात उभे राहतात, कारण त्यांनी स्वतःची युनियन उभारली. अडचणी त्यांनाही आहेत, पण गणवेश आणि संघटना असलेल्या माणसाला भिकारी म्हणणे तितके सोपे नसते.

हे सारे परदेशचे, असे म्हणून हात झटकू नका. ज्या दोन मार्गांनी तेथे या कामगारांचे काम नाकारले गेले, ते दोन्ही मार्ग आपल्याकडे उघडे आहेत. मुंबई राज्याने 1959 साली केलेल्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे यांना ‘बहाणा’ म्हटले आहे. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे डांबून ठेवण्याची त्यात तरतूद. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली या कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली; पण तो निकाल दिल्लीपुरता. वासुदेव, नंदीबैलवाला, डोंबारी, लोकल गाडीत पेटी वाजवणारा, यांचे श्रम म्हणजे बहाणा काय?

दुसरा मार्ग अदृश्य करण्याचा. गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद स्वरलिपीत उतरवले. तबकडीवर नाव संगीतकाराचे. संयोजक बहुधा ‘सहाय्यक’ म्हणून, नाहीतर तेही नाही. कॉपीराइट कायद्यानेही संगीताचा कर्ता म्हणून संगीतकारालाच मानले आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पथविक्रेता कायदा 2014 मध्ये रस्त्यावर ‘सेवा देणारा’ही पथविक्रेता मानला आहे; रस्त्यावरच्या वादक-कलावंतांना त्यात बिनतक्रार गणावे, आणि नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या ज्या किमान 40 टक्के जागा आहेत त्यांत त्यांनाही स्थान मिळावे. भिक्षा कायद्याच्या व्याख्येतून गाणे-वाजवणे वगळावे. संयोजकाला नाव आणि मोबदल्यात वाटा मिळावा.

आणि एक मागणी स्वतःकडेही आहे. गेटवर सभा घेणारी आपली चळवळ चौकात उभ्या असलेल्या कामगारापाशी किती वेळा थांबली? ज्याला मालक दिसत नाही त्यालाही पिळणारा असतोच. त्याचे सभासदत्वाचे पुस्तक फाडायला आपण तयार आहोत की त्याच्या ताटलीत नाणे टाकून पुढे जाणार आहोत, हे प्रत्येक संलग्न युनियनने आता ठरवावे!