पुठ्ठ्याआडचा सामना

माझी आत्या पंचाहत्तरीला आली. क्रिकेटचे नियम तिला निम्मेच कळतात आणि आकडे मुळीच कळत नाहीत. पण सामना लागला की ती जपाची माळ खुंटीला टांगते आणि टीव्हीसमोर येऊन बसते. गेल्या दिवाळीत अशीच बसली होती. एका फलंदाजाने पुढे वाकून चेंडू असा काही सीमेकडे धाडला, की आत्या म्हणाली, "किती देखणं खेळतो रे हा!" शेजारी माझा भाचा मोबाइल घेऊन बसलेला. तो म्हणाला, "आजी, त्याचा स्ट्राइक रेट तरी माहीत आहे का तुला? संघात ठेवायच्या लायकीचा नाही तो."

आत्या काही बोलली नाही. चकल्या तळायच्या राहिल्यात, असे पुटपुटत उठून आत गेली. चकल्या सकाळीच तळून झाल्या होत्या.

वाचकहो, तेव्हापासून या आकडेबहाद्दरांशी माझे भांडण आहे, आणि आज ऐन सणात ते मी चव्हाट्यावर मांडणार आहे. आकड्यांशी माझे वैर नाही. मी शाळामास्तर, हजेरीपट आणि गुणपत्रके यांच्यावाचून माझे पान हलत नाही. पण सदुसष्ट टक्के मिळवणारा पोरगा कसा आहे, हे गुणपत्रकात मला आजवर सापडलेले नाही.

या वेडात अमेरिकेतले बेसबॉलचे शौकीन आपल्या चार पावले पुढे आहेत. सामन्याचे कोष्टक तिथल्या वर्तमानपत्रांत रूढ केले ते हेन्री चॅडविक या बातमीदाराने. हा गृहस्थ १८२४ साली इंग्लंडात जन्मलेला, आणि बेसबॉलकडे वळण्याआधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. म्हणजे हा रोग क्रिकेटच्याच घरून तिकडे गेला म्हणायचा! पण चॅडविकला मी बोल लावत नाही. ज्याला मैदानावर जाता आले नाही, त्याची त्या कोष्टकाने सोय झाली. २००२ साली ओकलंडच्या संघाने आकड्यांच्या आधारे स्वस्तात खेळाडू जमवले आणि ओळीने २० सामने जिंकले; त्यांचेही बरोबरच. बैल विकत घेणाऱ्याने त्याचे दात मोजावेत. पोळ्याची मिरवणूक बघायला आलेल्याने कशाला मोजावेत?

आणि आकड्याचा धाक काय करतो, ते आपण पुण्यातच पाहिले आहे. १९४८ च्या डिसेंबरात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम हाताशी आलेला. विश्रांतीच्या वेळी काठेवाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला! असल्या विक्रमाखाली आपल्या संघाचे नाव छापले जाऊ नये, म्हणून. चांगला रंगलेला खेळ एका आकड्यापायी मोडला. बरे, आपण तरी काय केले? ते फटके कसे होते हो, असे मी जुन्या जाणत्यांना कितीदा विचारले. उत्तर ठरलेले: "नऊ धावा कमी पडल्या!"

१९७५ च्या जानेवारीत मद्रासला विश्वनाथ ९७ वर नाबाद राहिले. समोर अँडी रॉबर्ट्स आग ओकत होता, आणि सगळा संघ १९० धावांत गारद झाला होता. शतकांच्या यादीत ही खेळी नाही. पण त्या दिवशीचा त्यांचा स्क्वेअर कट ज्यांनी पाहिला, त्यांना जरा छेडून पाहा. चहा निवून जाईल, बोलणे थांबणार नाही.

"मग धावाही मोजू नयेत काय?" असे भाचा मला विचारतो. मोजाव्यात की! कोण जिंकले, कोण हरले, हे कळायलाच हवे. माझा राग आहे तो या नव्या सोवळ्यावर. ज्याला सरासरी पाठ नाही, त्याने आनंदाचा हुंकारही देऊ नये, हा कुठला न्याय? गाणे ऐकून मान डोलावणाऱ्या बाईला आपण रागाचे आरोह-अवरोह म्हणून दाखवायला सांगतो काय?

परवाच्या सामन्याला मी एक उद्योग केला. टीव्हीच्या खालच्या कडेला, जिथे ते आकडे सदोदित सरकत असतात, तिथे जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा दोऱ्याने बांधला. षटक संपले की पुठ्ठा उचलायचा, धावा बघायच्या, पुन्हा सोडायचा. मग आत्याला हाक मारली. ती आली, माळ खुंटीला अडकवली, आणि विचारले, "कोण जिंकतंय रे?"

"अजून काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

भाचा तणतणत शेजाऱ्यांकडे गेला. आत्या शेवटच्या षटकापर्यंत जागची हलली नाही.