'स्वदेस'नंतरचे बिलगाव



'स्वदेस' आपण बहुतेकांनी दोन-तीनदा तरी पाहिला असेल. नासातला मोहन गावच्या पाण्यावर वीज तयार करतो, म्हातारीच्या घरात दिवा लागतो आणि इकडे सोफ्यावर आपले डोळे पाणावतात. (चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झाले, हेही आपण पाहुण्यांना आवर्जून सांगतो.) पण २००४ च्या त्या चित्रपटाला ज्यावरून कल्पना मिळाली त्या बिलगावाचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारत नाही.

बिलगाव नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीवर आहे. वस्ती आदिवासींची. केरळच्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी'चे अभियंते, नर्मदा बचाओ आंदोलन, गावकऱ्यांचे श्रमदान आणि 'एड'मार्फत आपल्यासारख्यांचे पैसे, यांतून तिथे २००३ साली १५ किलोवॅटचा प्रकल्प सुरू झाला. १५ किलोवॅट म्हणजे ऑगस्टच्या दुपारी शुगर लँडमधल्या चार घरांचे एसी. तेवढ्यावर पाड्यांतली घरे आणि मुलांची जीवनशाळा उजळली. २००६ साली सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी प्रकल्प पाण्याखाली गेला.

सरकारने छोट्या जलविद्युतेला मदत करावी, असे आपल्या बैठकांत सगळेच म्हणतात. कागदावर मदत होतीही. केंद्राच्या २०१४ च्या योजनेत १०० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पांना किलोवॅटमागे सव्वा लाख रुपये अनुदान होते. महाराष्ट्राचे २००५ चे धोरण मात्र खासगी उद्योजकांसाठी, २५ मेगावॅटपर्यंतच्या प्रकल्पांचे. २५ मेगावॅट आणि १५ किलोवॅट, दोन्ही 'लघु'च! धरणाच्या पायथ्याशी जनित्र बसवून ग्रिडला वीज विकणारी कंपनी आणि अंधारातला पाडा यांना एकाच खात्यात मोजले, की मदत कुणाकडे वळणार हे सांगायला नकोच.

आपण राहतो त्या टेक्सासचीच गोष्ट पाहा. १९३० च्या दशकात इथल्या हिल कंट्रीत वीज नव्हती. घरे विखुरलेली, म्हणून खासगी कंपन्यांना परवडेना. सरकारी कर्जालाही मैलामागे किमान तीन ग्राहकांची अट होती. तरुण काँग्रेसमन लिंडन जॉन्सन यांनी ती रूझवेल्टकडून शिथिल करून घेतली आणि १९३८ मध्ये स्थापन झालेल्या पेडर्नालेस सहकारी संस्थेला कर्ज मिळाले. तारांची मालकी शेतकऱ्यांची. सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्यांना हे नवे वाटू नये.

आता सौर पॅनल स्वस्त झाले, मग ओढ्यांची कटकट कशाला, असे काही मित्र म्हणतात. उन्हाळ्यापुरते ते खरे आहे, कारण तेव्हा ओढे आटतात. पण सातपुड्यात पावसाळ्यात आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, आणि तेव्हाच ओढे रात्रंदिवस वाहतात. दोन्ही हवेत.

माझे म्हणणे एवढेच, की १०० किलोवॅटखालच्या प्रकल्पांचे खाते वेगळे असावे, अर्ज ग्रामसभेला करता यावा आणि अनुदानात दुरुस्तीचीही तरतूद असावी. आणि धरणाच्या पाण्यात अशी वीज बुडत असेल, तर घर-शेताबरोबर जनित्राचीही भरपाई पंचनाम्यात धरावी.